नावाची भांडी

रेखाचा फोन आला तेव्हा मी झोपेत होते. वैशाखातली दुपार, खिडकीला ओला पडदा, आणि स्वप्नात मालती आमच्या गच्चीवर उभी राहून हाका मारत होती, "सुमे, ऊन फिरलं वं, शेवया उचल!" मी उठायला बघत होते आणि पाय काही हलत नव्हते. तेवढ्यात फोन वाजला. रेखा म्हणजे मालतीची मुलगी. "मावशी, आई गेली..." एवढंच म्हणाली आणि थांबली. मी अर्धवट झोपेतच विचारलं, "कुठी गेली?" रेखा रडायला लागली, तेव्हा मला जाग आली.

मालतीने आणि मी जानेफळच्या शाळेत बावीस वर्षं एकत्र शिकवलं. ती गणित, मी मराठी. घरं एकाच गल्लीत, तिचं कोपऱ्यावर आणि माझं चार दारं सोडून. नवरे दोघींचेही आधीच गेलेले, त्यामुळे निवृत्तीनंतर दिवस एकमेकींच्याच घरात उगवायचा आणि मावळायचा. उन्हाळ्यात आम्ही पाटावरच्या शेवया करायचो. हे एकटीचं काम नाही. एकीने तिरप्या पाटावर पीठ वळत राहायचं आणि दुसरीने खाली लांबत येणारी तार तुटू न देता झेलून आडव्या काठीवर टाकायची. वळायची मालती, झेलायची मी. तार तुटली की ती पाट सोडून माझ्याकडे बघायची, बोलायची काही नाही. वर्गात पाढे चुकणाऱ्या पोरांकडेही ती तशीच बघत असणार.

मागच्या वर्षी दिवाळीआधी तिने ठरवलं, घर विकायचं आणि बुलढाण्याला रेखाच्या माडीवरच्या एका खोलीत राहायला जायचं. गुडघे दुखत होते, पाच खोल्या झाडून होत नव्हत्या. पाच खोल्यांतलं एका खोलीत मावायचं म्हणजे काय काय सोडायचं, याचं गणित तिने वहीत मांडलं. कपाट शेजाऱ्याला, पुस्तकं शाळेला, गाद्या मंदिराच्या धर्मशाळेला. अडलं ते भांड्यांपाशी. आपल्याकडे लग्नात, वास्तुशांतीला, बारशाला भांडी देतात, आणि दुकानातच मशीनच्या पेनने टर्रर्र आवाज करत त्यावर देणाऱ्याचं नाव घालून घेतात. मालतीकडे अशी दोन पोती भांडी होती. मी म्हटलं, मोडीत घाल. ती म्हणाली, "ज्याचं नाव हाये त्याच्याच घरी जाईन ते. मोडीत कोणाचं नाव काऊन घालू मी?"

"आहेर वापस करते का वं कोणी? लोक म्हणतीन, हिनं संबंध तोडला."

"मी कुठी वापस करतो? मी घरी पोचवून देतो."

एकदा तिचं 'मी पोचवून देतो' झालं की पुढे बोलण्यात अर्थ नसायचा. तिचा एकच नियम होता. भांडं रिकामं द्यायचं नाही. कशात साखर, कशात तूरडाळ, कशात नुसते मूठभर फुटाणे घालून ती फडक्यात बांधायची. पिशवी माझ्या खांद्यावर, कारण गुडघे तिचे दुखायचे आणि खांदे माझे रिकामे होते.

त्या महिनाभराच्या दुपारी आता आठवल्या की खऱ्या वाटत नाहीत. हिवाळ्याचं कोवळं ऊन, गल्ल्या सुनसान, आणि दोन म्हाताऱ्या दारोदार लोकांना त्यांचीच नावं वाटत फिरताहेत. जुन्या मुख्याध्यापकांकडे गेलो, ते व्हरांड्यात बसलेले. मालतीने त्यांच्या हातात एक लहानसं पातेलं ठेवलं. त्यावर त्यांच्या बायकोचं नाव होतं. बाई जाऊन सात-आठ वर्षं झालेली. सरांना आता नीट दिसत नाही, म्हणून त्यांनी नावावरून बोट फिरवलं... एकदा, परत एकदा. मग म्हणाले, "थांबा, चहा टाकायले सांगतो," आणि आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. आम्ही चहाची वाट न पाहता उठलो.

पठाण सरांच्या घरी वेगळाच प्रकार झाला. त्यांच्या बायकोने, म्हणजे पठाण भाभींनी, डबा घेतला, साखर काढून ठेवली, आणि त्याच डब्यात गरम हलवा भरून मालतीच्या हातात परत दिला. "खाली बर्तन हम भी नहीं लौटाते, बाई." नियम मालतीचाच होता. तो डबा तसाच आमच्यासोबत घरी आला. हसून हसून माझ्या पोटात दुखलं. एका घरी मात्र सुनेने दारातूनच सांगितलं, "आमचं दिलेलं जड झालं असन तं फेकून द्या ना," आणि दार लावून घेतलं. मालतीने ती वाटी त्यांच्या पायरीवर ठेवली, फुटाण्यांसकट. "सांगितलं व्हतं ना मी," असं मी येताना रस्त्यात तीनदा म्हटलं. नसतं म्हटलं तरी चाललं असतं.

आणि मग एके दुपारी ती माझ्याच दारात आली. हातात फडक्यात करकचून बांधलेला डबा. फडक्यातूनही मी आकारावरूनच ओळखला. तिच्या घराच्या वास्तुशांतीला मीच दिलेला, झाकणाचा स्टीलचा डबा. घेताना दुकानदाराने विचारलं होतं, "झाकणावर बी टाकू का नाव?" मी म्हटलं होतं, "टाका ना बाप्पा, झाकणंच तं बदलतात." तेव्हा डब्यावरही 'सुमन' आणि झाकणावरही 'सुमन'. बावीस वर्षं त्यात तिच्या शेवया राहिल्या.

मला काय झालं, मी आजही नीट सांगू शकत नाही. महिनाभर लोकांना हसणारी मी, माझ्या दारात पिशवी आल्यावर उंबऱ्यातच अडून उभी राहिले. मी म्हटलं, "म्हंजे मी बी त्यायच्यातच का?"

"उघडून तं पाह्य."

"ठेव तिथं."

"सुमे, उघड ना वं."

"ठेव म्हटलं ना."

तिने डबा ओट्यावर ठेवला. "येतो मंग," म्हणाली आणि गेली. मी तो डबा आहे तसा माळ्यावर ढकलून दिला. पुढच्या सोमवारी सकाळी तिचा टेम्पो निघाला, तेव्हा मी दार लावून पडून होते. गल्लीतून गाडी गेल्याचा आवाज ऐकला. माझ्या दारापाशी ती क्षणभर थांबली होती, हेही ऐकलं. उठले नाही. रागाला माझ्याकडे नेहमीच पाहुण्यासारखी खाटेवर जागा मिळते.

नंतर तिचे फोन यायचे. "बरी हाये ना?" "हाव, बरी हाये." "कधी येतं बुलढाण्याले?" "पाहू." दर फोनला ती एकदा तरी विचारायची, "डबा उघडला का?" मी म्हणायची, "उघडीन ना." चार महिने असंच चाललं. उन्हाळा लागला. मी मनाशी म्हणत होते, शेवयांच्या दिवसात जाईन, एकटी काही ती पाटावर बसणार नाही. पण शेवयांचे दिवस आले आणि त्यांच्यासोबत रेखाचा तो फोन आला.

तेराव्यानंतर मी तिची खोली पाहिली. पहिल्यांदाच. पलंग, देवाचा कोनाडा, एक फळी. फळीवर दोन ताटं, दोन वाट्या, पठाण भाभींचा तो हलव्याचा डबा आणि पाण्याची एक पितळी कळशी. कळशीवर स्टीलचं झाकण. कळशीला ते धड बसत नव्हतं, एका बाजूने वर उचललेलं राहत होतं. मी नेहमीच्या सवयीने सरळ करायला हात लावला आणि बोटाखाली माझंच नाव आलं.

रेखा म्हणाली, "मावशी, ते झाकण आई कोणालेच हलवू देत नव्हती. मी नवीन आणून देतो म्हटलं तं म्हणे, राहू दे, सुमन न्यायले येईन."

मला वाटलं, म्हातारपणी विसरली असेल, चुकून तिच्याकडे राहिलं असेल. पण गणिताच्या बाईची चूक? दोन पोती भांडी ज्याची त्याला, जिथली तिथे पोचवली तिने, एक वाटी इकडची तिकडे झाली नव्हती. परतीच्या गाडीत खिडकीतून शेतं मागे जात होती आणि मला सारखं वाटत होतं की रस्त्याच्या कडेने ती पिशवी घेऊन चालली आहे... दुखऱ्या गुडघ्यांनी, एकटीच.

घरी आल्यावर माळ्यावरून डबा काढला. गाठ सुटेना, दाताने सोडवली. माझ्या डब्यावर तिच्या स्वतःच्या एका डब्याचं झाकण होतं. त्यावर 'मालती'. तेही बसत नव्हतं, म्हणून तर तिने फडकं एवढं घट्ट बांधलं होतं. आत काठोकाठ शेवया. आम्ही दोघींनी केलेल्या, मागच्या उन्हाळ्यातल्या. कुठेकुठे तुटलेल्या, म्हणजे मी झेलायला चुकले होते तिथल्या. सगळ्यांचं नातं ज्याचं त्याला पोचवून मोकळी झाली ती, आणि माझं मात्र मुद्दाम अर्धं ठेवून गेली, मी यावं म्हणून. मला फक्त एक गाठ सोडायची होती. मी ओट्यापाशी उभी राहून मोठ्याने रडले, शेजारीण धावत आली एवढ्या मोठ्याने.

आता महिना होऊन गेला. अधूनमधून त्यातल्या मूठभर शेवया दुधात शिजवते. खाताना तार मुद्दाम तोडत नाही. दुपारी डोळा लागला की ती अजून गच्चीवरून हाका मारते, आणि आता माझे पाय हलतात, पण वर पोचेपर्यंत जाग येते. डब्याच्या तळाशी थोड्या शेवया मी ठेवूनच दिल्या आहेत, त्या शिजवणार नाही. झाकण बसत नाही, म्हणून डबा तिच्याच फडक्यात बांधून ठेवते, पण गाठ सैल मारते.

रेखाने दोनदा विचारलं, "मावशी, तुमचं झाकण पाठवून देऊ का कोणासोबत?"

मी तिला म्हटलं, "नोको वं. राहू दे तिथंच. मी येतो ना न्यायले."