खतात सापडलेल्या बांगड्या

“जे कुजेल तेच मातीला द्यायचं,” असं माझी आई उकिरड्याशी उभी राहून सांगायची. आज सकाळपासून तेच मनात घोळतंय, म्हणून महिला मंडळातल्या तुम्हा सगळ्यांना लिहिते.

ग्रामसेवकांनी सांगितलं म्हणून शेजारच्या भागीरथीबाईंनी गेल्या उन्हाळ्यात कंपोस्टचा खड्डा केला होता. आज तो उघडला. शेण, पाला, राख, सगळ्याचं काळंभोर खत झालं होतं. त्यांची विधवा सून हौसा हातानं पाट्या भरत होती. एकदम तिनं हात मागं घेतला. तळव्यातून रक्त वाहत होतं.

“कुण्या मेलीनं काच टाकली गं खतात?” भागीरथीबाई ओरडल्या.

हौसानं तळव्यातला हिरवा तुकडा ओढून काढला. “माझ्याच बांगड्या हायेत, आत्याबाई. ते गेले तवा तुमीच फोडल्या, अन् झाडून हितं लोटल्या.”

भागीरथीबाई खाली बसल्या. मी हौसाचा हात बांधला. दुसऱ्या हातानं ती काचा वेचतच राहिली.

बायांनो, काच आणि पत्रा वेगळा ठेवून पौडच्या बाजारात भंगारवाल्याला द्यायचं आपण ठरवलंच आहे. ते होईल. पण आपल्यातल्याच एकीच्या नवऱ्याचं दुखणं आता हाताबाहेर गेलंय. तिचं नाव लिहीत नाही. तुम्ही नाही म्हणाल हे ठाऊक असूनही मागते: तिच्या बांगड्या फोडू नका. तिच्या हातात तशाच राहू द्या.