कारखान्यातली केरसुणी

आमच्या मागच्या पडवीला आम्ही कारखाना म्हणतो. नाव मोठं, जागा एवढीशी. भिंतीला टेकवलेले ग्रॅनाइटचे उरलेसुरले तुकडे, मधे लोखंडी टेबल आणि त्यावर ग्राइंडर. त्या तुकड्यांतून मी दाराचे उंबरे कापते, देवघराचे चौरंग काढते, घरावरच्या पाट्या कोरते. नाते गावापासून तुडीलपर्यंत बऱ्याच घरांत माणसं मी घासलेला उंबरा ओलांडून आत जातात. पण बाईनं दगड कापावा हे अजून पुष्कळांच्या पचनी पडत नाही, म्हणून गिऱ्हाईक आलं की माझ्या वडिलांशी बोलतं. मी मशीन बंद करते, भाव सांगते आणि परत मशीन चालू करते.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. त्यांनी उमेदीची वर्षं छिन्नी-हातोड्यानं पाटे-वरवंटे घडवले. घरोघरी मिक्सर आले, पाटे मागे पडले, तेव्हा त्यांनी ग्राइंडर आणला. छिन्नीखाली दगडाच्या कपच्या उडत. ग्राइंडरखाली दगडाचं पीठ होऊ लागलं. संध्याकाळी आबा गिरणीतून आल्यासारखे पांढरेफटक दिसत. त्यावर त्यांच्याकडे एकच औषध होतं, गुळाचा खडा. काम संपलं की चूळ भरायची आणि गूळ तोंडात टाकायचा. गुळाला चिकटून धूळ पोटात जाते आणि निघून जाते, असं त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. लग्न मोडून मी माहेरी आले आणि कामाला हात घातला, तेव्हा आबांनी माझ्या हातावर आधी गूळ ठेवला, मग ग्राइंडर दिला.

मग आबांना खोकला लागला. वाडीच्या चढावर ते मधेच थांबू लागले आणि थांबल्याचं लपवायला उगाच झाडांकडे बघू लागले. कुणी म्हणालं तंबाखू सोडा. आबांनी आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही. कुणी म्हणालं सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात नेऊन बसवा. मी त्यांना महाडला डॉक्टरकडे नेलं. छातीचा फोटो बघून डॉक्टर म्हणाले, दगडाची धूळ फुप्फुसात बसली आहे. गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते टिकवायचं असेल तर यापुढे धूळ नको. मी गुळाचं विचारलं. ते म्हणाले, गूळ जातो पोटात, धूळ जाते छातीत, त्यांची गाठ पडतच नाही.

घरी येताना एसटीत मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. त्या गुळाचा राग आला.

मुंबईहून दादाचा फोन आला. मशीन विकून टाक आणि पडवीला कुलूप लाव, असं त्याचं म्हणणं. वाडीतल्या बायकांचंही तेच. निर्णय सगळ्यांनी घेतला होता, फक्त मला विचारायचं राहिलं होतं. मी दादाला सांगितलं, काम राहील, धूळ जाईल. तो हसला. हसू दे. मुंबईत बसून त्याला आबा दिसत नव्हते. मशीन बंद ठेवली त्या आठवड्यात ते ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसायचे, जेवायला चार हाका माराव्या लागायच्या. कारखाना बंद झाला तर हा माणूस खचून जाणार आणि चालू राहिला तर गुदमरणार, एवढं मला स्पष्ट कळत होतं. मला दोन्ही नको होतं.

मग मी हट्टाला पेटले. जुना ग्राइंडर बाजूला टाकला आणि पाण्यावर चालणारी मशीन आणली. पात्यावर सतत पाण्याची धार पडते, त्यामुळे धूळ हवेत उडत नाही, राडा होऊन खाली वाहते. पाणी आणि वीज एकत्र म्हणून वायरमनकडून शॉक लागण्याआधी पुरवठा तोडणारा स्विच बसवून घेतला. तोंडाला ओढणी बांधायची सोडली आणि दोन्ही बाजूंना धूळ गाळणारे डबे असलेला रबरी मास्क घेतला. शेजारची काकू म्हणाली, "ह्या बयेनं डुकराचं तोंड लावलंन." मी म्हटलं, लावलंय, आणि काम चालू ठेवलं. मशीन चालू असेतो आबांची खुर्ची पार लांब, फणसाखाली, वारा त्यांच्याकडून पडवीकडे वाहील अशी. फरशी धुतल्यावरच आत यायचं. ते कुरकुरले, पण बसू लागले. फणसाखालून ओरडून माझ्या चुकाही काढू लागले. मला वाटलं, जिंकले.

एका दुपारी घाईचा उंबरा पोचवायला मी फरशी न धुताच पोलादपूरला गेले. संध्याकाळी परत आले तर पडवीतून पांढरा धूर निघत होता. आत आबा कमरेत वाकून, उघड्या तोंडानं, केरसुणीनं फरशी झाडत होते. दिवेलागणीआधी कामाची जागा झाडलीच पाहिजे, नाहीतर लक्ष्मी यायची नाही, हे त्यांनी जन्मभर पाळलेलं. ओला राडा केरसुणीला चिकटतो म्हणून तो वाळेपर्यंत ते थांबले होते. मी पाण्यानं खाली बसवलेली सगळी धूळ त्यांनी परत उठवली होती, आणि तीच खोकत खोकत आत ओढत होते.

मी त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. केरसुणी हिसकावली आणि कुंपणापलीकडे भिरकावली.

आमच्याकडे केरसुणीला चुकून पाय लागला तरी नमस्कार करतात. काकू कुंपणाशीच उभी होती, तिच्या तोंडाचा आ झाला. आबा मात्र हळू आवाजात म्हणाले, "लक्ष्मी फेकलीस गो?"

"तुमचा श्वास खाणारी लक्ष्मी मला नाय पायजे," मी म्हटलं. मी माफी मागितली नाही आणि आजही मागणार नाही.

वाडीत गाजावाजा झाला. नवऱ्याचं घर मोडलं, आता बापाची लक्ष्मी घालवली, असं बोललं गेलं. आबा माझ्याशी बोलेनात. मी नेम मोडला नाही. राडा ओला असतानाच रबरी वायपरनं ओढायचा, डब्यात भरायचा, विहिरीपासून दूर खड्ड्यात पुरायचा. फरशी धुवायची, मगच तोंडाचा मास्क काढायचा. केरसुणीला कारखान्यात बंदी.

दिवाळीला दादा आला. लक्ष्मीपूजनाला मी घरात नवी केरसुणी मांडली, पण कारखान्यात नेली नाही. दादा म्हणाला, आजच्या दिवस तरी हट्ट सोड. मी नाही म्हटलं. तेवढ्यात आबा हळदीकुंकवाची वाटी घेऊन उठले. मधे एकदा दम खायला थांबले, या वेळी झाडांकडे न बघता. मग धुतलेल्या फरशीवरून आत गेले आणि कोपऱ्यातल्या वायपरला हळदकुंकू लावलं. बादलीला लावलं. खुंटीवरच्या मास्कलाही बोट टेकवलं.

दादा म्हणाला, "आबा, हे काय?"

"हितली लक्ष्मी हीच हाय," आबा म्हणाले.

मग नैवेद्याच्या वाटीतला गुळाचा खडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

"औषध म्हणून नाय गो," ते म्हणाले. "गोड हाय म्हणून खा."