कुसुमचा भाऊ

फोन दुकानात आला. पाटणकर बाजारातलं आमचं भांड्यांचं दुकान, तिथे गलका फार, म्हणून दोनदा विचारावं लागलं. मधूच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा होता. सर गेले, म्हणाला. टेबलाशी वाचत बसले होते, मान खाली गेली ती गेलीच... मी एवढंच विचारलं, काही मोठा आवाज झाला होता का? तो म्हणाला, हो, शेजारी बांधकाम चाललंय, फरशा पडल्या. आपको कैसे पता?

मला नाही तर कोणाला पता असणार. मधू माझ्या बायकोचा, कुसुमचा, धाकटा भाऊ. तो मोठा शास्त्रज्ञ होता, त्याबद्दल शिकलेले लोक लिहितीलच. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, मी घरातलं लिहितो.

त्याचे वडील आणि माझे वडील रियासतीच्या एकाच पलटणीत. रियासत विलीन झाली, पलटण मोडली आणि दोघंही आमच्या दाना ओली गल्लीतल्या ओट्यावर येऊन बसले. माझ्या वडिलांनी मला दुकानात धाडलं. मधू तेव्हा लहान, म्हणून वाचला. पुढे राज्यंच नव्याने आखली, मराठी शाळेत हिंदी आली, तर हा हिंदीतही पहिला. शिकत शिकत अणूच्या पोटात शिरला. त्या इवल्याशा गाभ्याची घडण कशी, यात त्याची कितीतरी वर्षं गेली. कुसुम सगळ्यांना सांगायची, आमचा मधू दिसत नाही त्या वस्तूवर पगार घेतो.

कुसुमला लहानपणापासून भोवळ यायची. ताट पडलं, कोणी दार आपटलं की धाडकन खाली. लोक मिरगी म्हणत, अंगारे लावत. तिची आई एका लग्नात बार उडाला तेव्हा अशीच बसल्या जागी गेली होती. एका दिवाळीत गल्लीत सुतळी बॉम्ब फुटला आणि कुसुम मधूच्या पुढ्यात कोसळली. नाडी त्याच्याच हातात होती. ती थांबली आणि बऱ्याच वेळाने परत लागली. तो पांढराफटक पडला होता.

त्यानंतर त्याने अणू सोडला. चांगलं नाव झालेलं असताना नव्या विद्यार्थ्यासारखा जिवाच्या शास्त्राकडे वळला. त्याचे बरोबरीचे हसले, म्हणे याला म्हातारचळ लागला. त्याने मला समजावलं ते असं, की शरीराच्या प्रत्येक पेशीला भिंत असते, भिंतीला बारकी दारं असतात, त्यांतून क्षारांचे कण आतबाहेर करतात, आणि त्यावरच काळीज ठोके देतं. कुसुम म्हणाली, क्षार म्हणजे मीठच ना रे, मग माझ्या आमटीला नावं ठेवू नकोस.

मला आमटीचं नव्हतं पडलं. मी विचारलं, हिला औषध कधी?

"भाऊजी, एक दार कसं उघडतं एवढं कळायलाच माझा जन्म जाईल. औषध पुढचे लोक करतील."

"आणि ही?"

त्याने डॉक्टरांना गाठून गोळ्या सुरू करवल्या, त्यावर काही वर्षं निघाली, हे कबूल. पण एका सकाळी कुकरची शिट्टी झाली आणि ती गेली. तेराव्याला, सगळे बसलेले असताना, मी त्याला विचारलं, काय झालं तुझ्या दारांचं? मान खाली घालून म्हणाला, उघडायचं तेव्हा उघडलं नाही.

मला वाटलं, आता हा कशाला येतोय. आम्हाला मूलबाळ नाही, मग नातं राहिलं कुठे. तर भाऊबीजेला दारात हजर, हातात नेहमीसारखी साडी. स्वतःच पाट मांडला, बसला आणि म्हणाला, तुम्ही ओवाळा. मी जन्मात तबक धरलं नव्हतं. दिवा फिरवायला लागलो तर हसला. "उलटं फिरवताय, भाऊजी. ताईने तबक हिसकावलं असतं." मग दर वर्षी तो येत राहिला. दोन म्हातारे, एक बसलेला, एक ओवाळणारा. शेजारणी खिडकीतून बघत. बघू देत.

गेल्या खेपेला ओवाळताना बाहेर फटाक्यांची लड लागली. तो दचकला, छातीवर हात गेला. मी थांबलो तर म्हणाला, चालू द्या. आता तो मुलगा सांगतो, सरांना तोच आजार होता, त्यांना कधीचं ठाऊक होतं. मला बोलला नाही. बोलून मी काय करणार होतो म्हणा... भांडी विकणारा माणूस.

यंदाची भाऊबीज परवा झाली. साड्या पेटीत आहेत, नेसणारी नाही, आता आणणाराही नाही. तरी संध्याकाळी मी पाट मांडला, निरांजन लावलं, तबक घेऊन रिकाम्या पाटापुढे उभा राहिलो. ज्या बाईला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळावं असं सांगितलंय. माझ्यासारख्याने कोणाला ओवाळावं, ते कुठे सांगितलेलं नाही. दिवा फुंकून विझवू नये म्हणतात. मी फुंकला.