दिग्रसजवळच्या तांड्यावर पाहिलेली तिहेरी उडी

"ताई, आकाशची फायनल टीव्हीवर दाखवून राह्यले. तुम्ही या. मले एकटीले नाही होत." कमलाबाईचा एवढाच फोन आला आणि मी अमरावतीहून दिग्रसला जायचं ठरवलं. स्पर्धा परदेशात, बंदिस्त स्टेडियममधली, पुरुषांची तिहेरी उडी. मी मात्र निघाले होते दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यावर.

कमलाबाईची ओळख गेल्या वर्षीची, दवाखान्यातली. तिच्या मुलाच्या, आकाशच्या घोट्याचं ऑपरेशन होतं आणि शेजारच्या खोलीत माझी आई. त्याआधी एका स्पर्धेत तो उडी मारून वाळूत पडला तो उठलाच नाही, त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. कमलाबाईने ते मोबाईलवर, घडत असतानाच पाहिलं. तेव्हापासून त्याची एकही उडी तिने पाहिलेली नव्हती. पाय बरा झाला, तो पुन्हा उडू लागला, पण हिचा धीर काही परतला नाही.

नेर, दारव्हा असा एसटीचा रस्ता. थेट गाडी मिळाली नाही तर दारव्ह्याला बदलायची. बायकांना अर्धंच तिकीट. नेरच्या स्टँडवर कढी घातलेला आलूबोंडा जरूर खा, फक्त ड्रायव्हरवर एक डोळा ठेवून. थंडी सरत होती, पळस फुलला होता. दिग्रसच्या जिनिंगसमोर कापसाच्या गाड्या लागल्या होत्या आणि रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस चिकटला होता.

स्टँडवर इरफानभाई ऑटो घेऊन उभे. गावात त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. मोबाईलवरची फायनल टीव्हीला जोडून द्यायचं काम त्यांनीच अंगावर घेतलं होतं. "कमलाभाभी सकाळपासून जेवली नाही," ते म्हणाले. "आता नेट गेलं तं शिव्या मलेच पडतीन."

तिकडे पूर्वेला संध्याकाळ, आपल्याकडे अजून दुपार. कमलाबाईच्या अंगणात मांडवाखाली टीव्ही आणि समोर सगळा तांडा. तिची सासू पडद्याकडे बघून मला विचारत होती, "उडी माराले हे लोक घरात काहून गेले? वावर कमी पडलं का?"

कमलाबाई टीव्हीकडे पाठ करून चुलीशी बसली होती. गुळाचा शिरा शिजत होता. शेवटची उडी मारून आकाश वाळूतून आपल्या पायांनी बाहेर आला, की त्या शिऱ्याचा भोग विस्तवात चढवायचा, असा नवस तिने बोललेला होता. पदकाचं देवाशी तिचं काहीच बोलणं नव्हतं.

तिहेरी उडीत आधी ज्या पायाने उडायचं, त्याच पायावर पडायचं. सगळं वजन आकाशच्या त्याच घोट्यावर. त्याची प्रत्येक उडी झाली की चुलीकडून आवाज यायचा, "उठला का?" सगळे एका सुरात म्हणायचे, "उठला."

उडी ग्राह्य धरली की तिथला पंच पांढरा झेंडा वर करतो. तांड्याच्या देवळावरही पांढराच झेंडा. त्यामुळे पंचाचा हात वर गेला की म्हाताऱ्या हात जोडायच्या, मग उडणारा कोणत्याही देशाचा असो. इरफानभाई वैतागले. "अरे, त्या दुसऱ्यायले कायले आशीर्वाद देता?" सासू म्हणाली, "झेंड्याले थोडीच माहीत आहे कोण आपला ते."

शेवटच्या आधीची उडी. लाल झेंडा, म्हणजे उडी बाद. आकाश वाळूत बसला आणि त्याने पाऊल दोन्ही हातांनी धरलं. तेवढ्यात पडदा बदलला. बायकांची अडथळ्यांची शर्यत सुरू झाली.

"उठला का?"

सगळे इरफानभाईंकडे बघू लागले. तिने पुन्हा विचारलं. इरफानभाई उगाच वायर हलवत म्हणाले, "त्यायनं दुसरं लावलं, भाभी. दाखवतीन." शर्यत संपली, जिंकलेली मुलगी झेंडा पांघरून रडली, ती पळतानाची पुन्हा सावकाश दाखवली. मला दवाखान्यातली ऑपरेशन थिएटरची ती दारं आठवली, ज्यांच्याकडे बघत आम्ही दोघी बसायचो. माझी आई त्या दारातून परतली नाही.

मग एकदम आकाश दिसला. धावपट्टीच्या टोकाला, दोन्ही पायांवर उभा, हात डोक्यावर नेऊन लोकांकडून टाळ्या मागत होता. आधी सासूने टाळी धरली, मग साऱ्या अंगणाने. कमलाबाई वळली. हातातला झारा तसाच धरून तिने ती उडी पाहिली. तो पडला, उठला, वाळू झटकली, चालत बाहेर आला.

तो पाचवा आला. हे बराच वेळ कोणी विचारलंच नाही. विस्तवात शिरा आणि तूप पडलं, धूर झाला आणि कमलाबाई त्या धुराच्या आड पोटभर रडली. नंतर आम्ही वांग्याची भाजी आणि भाकरी खाल्ली. तिनेही, दोनदा वाढून घेऊन.

आकाशचा फोन आला. "याडी, पाह्यलं का तू?"

"शेवटची पाह्यली," त्याची आई म्हणाली. पाऊल का धरलं होतं ते आम्ही मागून विचारलं, तर बुटात वाळू गेली होती. यावर तिने त्याला ज्या शिव्या दिल्या, त्या इथे लिहीत नाही.

रात्री मी तिथेच राहिले आणि सकाळच्या गाडीने निघाले. बसमध्ये एवढी गाढ झोप लागली की नेर कधी गेलं कळलं नाही. घरी आल्यावरही तसंच हलकं वाटत होतं. गेल्या वर्षापासून फोन वाजला की मी आधी खाली बसायचे, मगच उचलायचे. पाचवा क्रमांक दुसऱ्याच्या मुलाचा, पण धास्ती माझीही थोडी सुटली होती.

दोन दिवसांनी कमलाबाईचा फोन आला. इरफानभाईंकडून तिने सगळी फायनल पुन्हा लावून घेतली होती, लाल झेंड्यासकट.

"आता त्यायले म्हटलं, गेल्या सालची उडीही काढून ठेवा," ती म्हणाली. "तेही पाहून घेतो एकदा."