पाहुणे मास्तर

सोलापुरात सरळ चालून नाव काढणारी माणसं पुष्कळ होती, उलटं चालून नाव काढलं ते एकट्या चनबसप्पानं. वरातीत तोंड बँडवाल्यांकडे, पाठ रस्त्याकडे आणि हातात काळी छडी, अशा थाटात हा गृहस्थ अख्ख्या पेठेतून मागं मागं चालत जायचा. मागून सायकल येवो, म्हैस आडवी येवो, तो कधी मान वळवायचा नाही. मान वळली की ताल मोडतो, असं त्याचं म्हणणं. त्याचे पाठीमागचे डोळे म्हणजे मोठा ढोल वाजवणारा हणमंत. खड्डा आला की हणमंत ढोलाच्या कडेवर टिपरू मारायचा आणि मास्तर गुमान बाजूला सरकायचे. एवढा विश्वास नवरा-बायकोचाही एकमेकांवर नसतो.

एरवी चनबसप्पा गुरुसिद्धप्पा सावकारांच्या अडत दुकानात दिवाणजी होता. मूळचा मैंदर्गीचा. तरुणपणी घरी भांडून पलटणीत गेला आणि तिथल्या बँडात क्लॅरिनेट शिकला. कागदावर लिहिलेलं संगीत वाचायलाही शिकला. वडील वारले म्हणून परत आला तो थेट शेंगांच्या पोत्यांत येऊन पडला. पलटणीतली छडी तेवढी ट्रंकेत राहिली. त्याची बायको नीलम्मा शेजारणींना सांगायची, "देवाऱ्यातल्या देवाला जपत न्हाईत एवढं त्या काडीला जपत्यात की."

जोतीरामच्या बँडाशी त्याची गाठ पडली तीही भांडणातूनच. जोतीरामचा बँड बुद्धविहारामागच्या गल्लीतला. सगळे वाजवणारे त्याच गल्लीतले, दिवसा कुणी गिरणीत, कुणी हमालीला. जोतीराम स्वतः ट्रम्पेट वाजवायचा आणि वाजवता वाजवताच बँड हाकायचा. एक दिवस त्यांची वरात अडत दुकानासमोरून चालली होती. सगळी वाद्यं जीव खाऊन एकदम बोंबलत होती. चनबसप्पाला ते सहन होईना. तराजू तसाच सोडून तो रस्त्यावर आला आणि जोतीरामला म्हणाला, "सगळेच वरडले तर ऐकायचं कुणी?"

जोतीराम तापट माणूस. म्हणाला, "मग तुमी या की शिकवायला."

तो बोलला रागानं, याला वाटलं आमंत्रण. रविवारी चनबसप्पा इस्त्रीचा सदरा घालून, छडी घेऊन गल्लीत हजर. आलेल्या माणसाला जा कसं म्हणायचं, म्हणून जोतीरामनं चहा मागवला. तेव्हापासून मोठ्या वरातीला चनबसप्पाला बोलावणं जाऊ लागलं. रोजचा बँड जोतीरामचा, मोठ्या कामाला छडी चनबसप्पाची. त्याला नाव पडलं पाहुणे मास्तर.

पाहुण्या मास्तरांनी सगळ्यांना पहिल्यांदा घाम फोडला तो हळू वाजवायला सांगून. मोठं पितळी युफोनियम वाजवणारा भीमा तर ऐकायलाच तयार नव्हता. "मास्तर, हळू वाजवलं तर लोक म्हणतील, ह्यास्नी घरी भाकर मिळत न्हाय." चनबसप्पा चिडला नाही. पुढच्या लग्नात पोरीची पाठवणी चालली असताना त्यानं छडी छातीपाशी धरली आणि हळूहळू खाली आणली. ढोल थांबला, ट्रम्पेटं थांबली, उरलं ते नुसतं क्लॅरिनेट आणि त्याच्याखाली भीमाचा दबका सूर. त्या सुरातून पोरीच्या बापाचा हुंदका साऱ्या गल्लीला ऐकू आला. बायकांनी पदर डोळ्याला लावले. भीमाचे स्वतःचेच डोळे भरून आले आणि सूर जरा हलला, पण ते मास्तरांनी चालवून घेतलं. त्यानंतर हळू वाजवण्यावरून कुणी वाद घातला नाही.

असं सगळं असूनही एक अंतर होतं ते होतंच. वरात दारात पोचली की चनबसप्पा लाल कोट उतरवून घडी करायचा आणि घरची वाट धरायचा. बँडवाल्यांचं जेवण सगळ्यांच्या शेवटी, मांडवामागच्या बोळात. तिथं बसायला त्याला अवघड वाटायचं, खोटं कशाला सांगा. पिढ्यान्‌पिढ्यांचं अंगात मुरलेलं छडीच्या एका फटकाऱ्यानं जात नाही. आणि त्यांनीही कधी "बसा" म्हटलं नाही, कारण नाही म्हणून घ्यायची हौस कुणाला असते?

दुष्काळ सरल्यानंतरच्या लग्नसराईत जोतीरामचा दमा वाढला. डॉक्टरांनी ट्रम्पेट बंद करायला सांगितलं. ट्रम्पेट बंद म्हणजे बँडाला आता कायमचा मास्तर हवा. बार्शीचा एक कॉर्नेटवाला यायला तयार होता. दुसरा अर्थात चनबसप्पा. जोतीराम म्हणाला, "पोरं ठरवतील. वाजवायचं त्यास्नी हाय."

हे ऐकल्यापासून चनबसप्पाला भाकरी गोड लागेना. आयुष्यात त्यानं काही मागितलं नव्हतं. दुकान सावकारांचं, शेत भावाचं. हा बँड मात्र आपला असावा असं त्याला मनापासून वाटत होतं. नीलम्मा म्हणाली, "मग विचारा की त्यास्नी सरळ."

"असं विचारायचं नसतंय गं," तो म्हणाला. "आपल्या तोंडानं मास्तर होता येत न्हाय."

तेवढ्यात सावकारांच्या मुलाचं लग्न निघालं. बँड जोतीरामचाच ठरला. लग्नाच्या सकाळी नवरदेवाला घोड्यावर बसवून देवदर्शनाला नेतात, त्याला आमच्याकडे परण्या म्हणतात. त्या परण्यात बँड असा वाजला की गच्च्यांवर बायापोरांची दाटी झाली. चनबसप्पा उलटा चालत होता, हणमंतचं टिपरू वाजत होतं आणि त्या दिवशी सगळ्या वाजवणाऱ्यांचे डोळे छडीवर असे खिळले होते की मास्तरांना स्वतःलाच नवल वाटलं. बार्शीच्या माणसाचा विचारसुद्धा त्याच्या मनात आला नाही.

अक्षता पडल्या. सावकार खूश होऊन स्वतः बाहेर आले आणि त्यांनी चनबसप्पाच्या खांद्यावर हात टाकला. "चनबसप्पा, बा, ऊटा माडु," म्हणजे चल, जेवून घे. "आपल्या माणसानं उन्हात कशाला हुबं ऱ्हायचं?" सगळ्यांदेखत सावकारांनी खांद्यावर हात टाकण्याची ही पहिलीच वेळ. लाल कोट हणमंतकडे देऊन चनबसप्पा भारावून आत गेला. सावकारांच्या शेजारी पाट, हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, वर तुपाची धार. शेजारचे पाहुणे त्याच्या छडीचं कौतुक करत होते आणि वाढपी आग्रह करत होते. तो पोटाला तडस लागेपर्यंत जेवला. बाहेरच्यांची आठवण त्याला झाली नाही. वाईट मनानं नव्हे, सुखानं झाली नाही.

तोंडात विडा घालून तो कोट आणायला मागच्या बोळात गेला आणि जागीच थांबला.

सगळा बँड रांगेनं बसला होता. पत्रावळी वाढलेल्या. हुग्गीवर साय धरली होती, आमटी निवून गेली होती आणि हणमंत उपरण्यानं माशा वारत होता. रांगेच्या सुरुवातीला एक पत्रावळ वाढून ठेवलेली होती आणि तिच्यासमोर माणूस नव्हता. कुणीही अन्नाला हात लावला नव्हता.

"जेवला न्हाईत अजून?" चनबसप्पानं विचारलं.

हणमंतनं त्याच्या विड्यानं रंगलेल्या ओठांकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. "मास्तरनं घास घेतल्याबिगर बँड जेवत न्हाय," तो म्हणाला. "जोतीरामदादापासनं हेच चालत आलंय."

"पण मी तर पाहुणा..."

"सकाळीच ठरलं हुतं. परण्या निघायच्या आधी." हणमंत सावकाश बोलत होता. "दादा म्हणलं, आत्ता सांगू नका, जेवताना कळंल त्यास्नी."

ज्याच्यासाठी चनबसप्पा इतके दिवस झुरत होता ते सकाळीच त्याच्या पदरात पडलं होतं, आणि ही माणसं त्याची वाट बघत असताना तो आत सावकाराच्या मांडीला मांडी लावून हुग्गी ओरपत होता. त्याला स्वतःची भारी लाज वाटली. सांगून टाकावं का, की मला ठाऊक नव्हतं? पण ठाऊक नसायचं कारणही त्याला ठाऊक होतं. इतक्या वर्षांत तो अशा बोळात जेवायला एकदाही थांबला नव्हता.

"तुमी जेवलाव न्हवं," भीमा म्हणाला. "ऱ्हाऊ द्या मास्तर. चला रं, घ्या." पण पत्रावळीकडे हात भीमाचाही गेला नाही.

चनबसप्पानं विडा थुंकला. रांजणातलं पाणी घेऊन चूळ भरली, हात धुतले आणि त्या पहिल्या पत्रावळीसमोर मांडी घातली. तेवढ्यात मागच्या दारात सावकार आले, बरोबर दोन-चार मानकरी पाहुणे. त्यांना हे काय चाललंय ते कळेना.

"चनबसप्पा, आत्ता माझ्या शेजारी जेवलास की. हितं काय करतोस?"

पाहुणे बघत होते. दिवाणजीची नोकरी, सावकारांची मर्जी, घरी नीलम्मा, सगळं त्याच्या डोळ्यासमोरून गेलं. बसल्या जागेवरून न उठता तो म्हणाला, "जेवतोय सावकार. माझी माणसं थांबल्यात."

सावकार पाहुण्यांना घेऊन आत गेले.

चनबसप्पानं गार हुग्गीचा घास उचलून तोंडात घातला. तो घशाखाली उतरेना. पोटात जागाच नव्हती. त्यानं डोळे मिटले आणि तो चावत राहिला. सगळी रांग त्याच्याकडे बघत होती, एकही हात हलला नव्हता. घास उतरला तसं त्यानं डोळे उघडले. मग बँड जेवायला लागला.