वाळूवरची बर्फगाडी

जुन्या टायरच्या रबराला भोक पाडताना जळक्या गुळासारखा एक वास सुटतो. त्या गुरुवारी दुपारी तो आमच्या शेडमध्ये इतका दाटला होता की कतारमधल्या समैस्मा गावच्या समुद्रावरून येणारा खारा वारासुद्धा त्याला बाहेर ढकलू शकत नव्हता. गाडीचा रुंद रबरी पट्टा, रणगाड्याला असतो तसा, मी काढून जमिनीवर उभा केला होता. हौसा, माझी बायको, पोतं अंथरून पलीकडे बसली होती. ती पट्ट्याच्या पोटात हात घालून पान्यानं बोल्टचं डोकं धरायची आणि मी बाहेरून नट आवळायचो. ट्रकच्या टायरच्या कापलेल्या फळ्या आम्ही पट्ट्यावर बसवत होतो, वाळूत पकड यावी म्हणून. एकट्यानं होणारं ते कामच नव्हे. मधे पट्टा असल्यानं तोंडं दिसत नव्हती, नुसते आवाज.

"धरलाय का?"

"धरलाय न्हवं. तुमी आवळा की, का मुहूर्त बघताय?"

आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं काम. त्यात काही विशेष नव्हतं. हिवाळ्याचं पिवळं ऊन दारातून तिरकं आत आलं होतं, त्यात रबराची धूळ तरंगत होती, आणि मी नट मोजत होतो. तिच्याकडे बघावं असं मला एकदाही वाटलं नाही. आवाज येतोय, म्हणजे माणूस आहे, एवढं पुरेसं होतं.

गाडी बर्फावर चालणारी. हे कतारमध्ये कुणाला सांगितलं तर माणूस आधी हसायचा आणि मग माझ्या डोक्याकडे संशयानं बघायचा. आमच्या मालकांचा मुलगा नासर युरोपात कुठल्याशा डोंगरावर गेला होता. तिथं ती त्यानं चालवली आणि वेड लागल्यासारखं करून लाकडी खोक्यात घालून जहाजानं मागवली. पुढे होडीच्या तळासारख्या दोन पट्ट्या, मागे हा रबरी पट्टा, मधे पेट्रोलमध्ये तेल मिसळून पिणारं इंजिन. मी कराडकडचा, मळ्यातली डिझेल इंजिनं खोलत वाढलेला, चौथीनंतर शाळा सोडलेला माणूस. बर्फ मी पाहिला होता तो मासळीच्या पेटीत. नासर म्हणाला, "चाचा, बर्फ और रेत में क्या फरक है? दोनों फिसलते हैं. यल्ला, चलाते हैं."

फरक एका दुपारीच कळला. बर्फावर ही गाडी स्वतःच उडवलेल्या बर्फानं निवते. तिचा पट्टा प्लास्टिकच्या दोन लांब दांड्यांवरून सरकतो आणि बर्फाचं पाणीच तिथं वंगण होतं. वाळू कसलं वंगण देणार, ती तर कानस. मैलभर गेली नाही तोच खालून धूर आला. मी हात वर करून ओरडलो, बंद कर, निवू दे. तापलेलं यंत्र बंद करून सावलीत निवू द्यायचं, ही माझी जन्माची रीत. तासाभरानं निवली, तेव्हा वितळलेलं प्लास्टिक पट्ट्याच्या लोखंडी कड्यांना धरून घट्ट बसलं होतं. छिन्नी लावून पट्टा सोडवावा लागला. संध्याकाळी भाकरी खाताना मी हौसाला सांगितलं, की निवू दिली म्हणूनच ती अडकली. मीच सांगितलं होतं.

मग दोन हिवाळे मी त्या गाडीच्या मागं लागलो. दांड्या काढून त्यांच्या जागी हातगाडीची छोटी चाकं ओळीनं बसवली. पुढच्या पट्ट्या रुतायच्या, म्हणून रुंद करून त्यांना खालून लोखंडी कणा जोडला, तेव्हा कुठं ती हँडलचं ऐकायला लागली. बॉनेटला भोकं कापून जाळी मारली. हवेच्या तोंडातून वाळू आत जाऊ नये म्हणून हौसानं माझ्या जुन्या बनियनची पिशवी शिवली. ती तेलात बुडवून बांधायची आणि आठ दिवसांनी धुवायची. धुताना ती म्हणायची, "अंगात हुतं तवा बी इतकं मळत न्हवतं." गाडीला ती म्हैस म्हणायची. "ह्या म्हशीला डुंबायला बर्फ लागतो, आन् हितं मानसाला गार पानी मिळंना." पण तेलाचं माप चुकलं तर धुराच्या वासावरून आधी तिलाच कळायचं.

मी पंचाहत्तर सालाच्या पुढंमागं एकटाच आलो होतो, आमच्याकडचे सगळे यायचे तसाच. चार वर्षांनी नासरच्या आजीला बघायला बाई हवी होती, म्हणून हौसालाही व्हिसा मिळाला. बंगल्यामागच्या दोन खोल्यांत आमचा संसार पुन्हा मांडला गेला. तिनं आजीचे पाय चेपले, आजीनं तिला अरबी शिकवलं, आणि मला जे आठ वर्षांत आलं नाही ते ती दोन वर्षांत बोलायला लागली. संध्याकाळी ओहोटी लागली की पाणी लांब सरकायचं आणि ओल्या चिखलावर आकाश उतरायचं. दोघी उंबऱ्यावर बसून ते बघायच्या. मी कधी बसलो नाही. माझे हात नेहमी काळे असायचे.

गुरुवारचं सांगत होतो. शुक्रवारी सकाळी नासरला उम्म सईदच्या पलीकडं वाळूच्या टेकड्यांवर आपल्या चुलतभावांना गाडी दाखवायची होती, आणि मी शब्द दिला होता. तीनच्या सुमाराला हौसा म्हणाली, "आवो, हात भरून आलाय. खांद्यापातूर ठणकतोय. छातीत बी जळजळतंय."

हात भरून येणारच, दोन तास पट्ट्यात घालून धरला होता. माझाही आला होता. मी तिला ओवा-मीठ आणि घोटभर पाणी दिलं आणि म्हणालो, जा, पंख्याखाली पड, आपोआप बरं वाटेल. ती उठली, पदरानं कपाळ पुसलं, दारात थांबून म्हणाली, "ऱ्हायलेलं कसं करनार?" मी म्हणालो, बघतो. मग एक टोक लाकडानं दाबून, शिव्या देत देत, राहिलेले बोल्ट एकट्यानं आवळले. मधे एकदा खोलीच्या दारातून डोकावलो. ती कुशीवर होती, डोळे मिटलेले. झोप लागली म्हणून मला हायसं वाटलं. पाय न वाजवता परत आलो.

मावळतीची, मगरिबची बांग झाली, तेव्हा हात धुऊन आत गेलो. तिचं अंग घामानं गार पडलं होतं. नासरनं तिला स्वतः उचलून मोटारीत ठेवलं. दोह्यापर्यंतचा रस्ता काळा, सरळ. त्याच्या टोकाला वेस्ट बेच्या नव्या भरावावरचे दिवे दिसत राहिले आणि जवळ येईनात. इस्पितळात तिला आत नेलं, आणि थोड्या वेळानं एक डॉक्टर बाहेर आला, हिंदी बोलणारा. आधी त्यानं, ती गेली, एवढं सांगितलं. मग कागद पुढं ओढून विचारलं, "दर्द कब से था?"

मी म्हणालो, "अभी. आधा घंटा."

का म्हणालो, ते मला नीट सांगता येणार नाही. तोंडातून गेलं. त्यानं लिहून घेतलं, आणि लिहिलं म्हणजे ते खरं झालं. त्या अर्ध्या तासावर मग सगळ्यांनी माझं सांत्वन रचलं. टेकड्यांवरचा बेत नासरनं रद्द केला होता. तो माझा खांदा धरून रडत म्हणाला, "आधे घंटे में कोई क्या करता, चाचा." आमच्याकडचे ड्रायव्हर म्हणाले, पुण्यवान बाई, त्रास न काढता गेली. आजी जपमाळ ओढत अल्लाची मर्जी म्हणत होती, पण मधेच थांबून माझ्याकडे बघायची. दुपारी हौसा तिचे पाय चेपायला आली नव्हती, हे एकट्या आजीला माहीत होतं. मी सगळ्यांपुढे मान डोलवत राहिलो. ते सांत्वन माझं नव्हतं, दुसऱ्या कुणाचं चुकून माझ्या अंगावर आलं होतं, आणि मी ते पांघरून बसलो होतो.

सकाळ उजाडली ती शुक्रवारची. कचेऱ्या बंद, तिला मायदेशी न्यायचे कागद दुसऱ्या दिवसाशिवाय हलणार नव्हते. नासरनं मला बैठकीच्या दालनात बसवून गावाकडच्या दूध डेअरीचा कॉल बुक करून दिला. शालनला, आमच्या लेकीला, तिथं बोलावून आणायचं होतं. दीड तास मी गालिच्याच्या कडेला बसून होतो. खिडकीतून कोवळं ऊन आत येत होतं, उद धुपवल्याचा वास होता, नासरचे चुलते हलक्या आवाजात कॉफी पीत होते. मग घंटी वाजली.

आई गेली, एवढं मी सांगितलं. शालन रडली. डेअरीतले कॅन आपटल्याचे आवाज येत होते. मग तिनं तेच विचारलं. "कवापासनं दुखत हुतं आबा?"

तो अर्धा तास माझ्या जिभेवर तयार होता. कागदावर होता, सगळ्यांच्या तोंडी होता, आणि पोरीचं दुःख हलकं करायला तोच बरा, असंही मनात येऊन गेलं. पण ती हौसाचीच पोर. आईसाठी एवढं विचारायचा हक्क तिचा होता, आणि उद्या मला तिच्या दारात उभं राहायचं होतं. मी हळू आवाजात, तोंडापुढं हात धरून सांगितलं.

"ऐकू येत न्हाई आबा. मोठ्यानं बोला."

दालनातले सगळे माझ्याकडे बघत होते. मराठी त्यांच्यातल्या कुणालाच येत नव्हतं. आजी दाराशी येऊन उभी राहिली होती. मी उठलो, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला, आणि ओरडून म्हणालो, "दुपारपासनं, पोरी. तीन वाजल्यापासनं. तिनं सांगितलं हुतं मला. मी तिला झोपायला लावली, आन् काम करत बसलो."

पलीकडे खरखर होती. लाइन गेली की शालन गप्प होती, कळेना. मी पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागलो.