शैलामावशी आणि माझा खोटा 'डे सेव्हन'

वटार गावच्या प्राचीचा चेहरा लग्नाच्या आदल्या दिवशी भाजला, तो शैलामावशीमुळे नाही. माझ्यामुळे.

दोन वर्षं हे वाक्य घशात अडकलंय. आज पहाटे मावशी झोपेतच गेली. आज नाही लिहिलं तर मी कधीच लिहिणार नाही. मला माझी लायकी माहीत आहे.

जे तिला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी. शैलामावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. नंदाखालला घराच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर. दोन खुर्च्या, एक आरसा, खिडकीबाहेर केळी.

नवीन काहीही आलं, क्रीम असो की हेअर कलर, ती आधी स्वतःच्या कानामागे लावायची. बाटलीवर चिकटपट्टी लावून तारीख टाकायची. दोन दिवस थांबायची. मगच गिऱ्हाईक.

"माझी कातडी जाड आहे गं," म्हणायची. "हिला झोंबलं तर त्या पोरींचं काय होईल?"

आणि मी तिची रीलवाली भाची. विरारच्या फ्लॅटमध्ये रिंग लाइट लावून सिरम, लिपस्टिक, शाम्पूचे रिव्ह्यू करणारी. तुमच्यातल्या बऱ्याच जणी मला त्यासाठीच फॉलो करता.

तर मग ऐकाच.

एका कंपनीचं पीलिंग सिरम आलं, चेहऱ्याची वरची कातडी सोलून काढणारं. सात दिवस वापरल्याचा व्हिडिओ हवा होता, आणि तो तीन दिवसांत हवा होता. मी मावशीच्या आरशासमोर एका दुपारी तीन कुर्ते बदलले. डे वन. डे थ्री. डे सेव्हन. सिरम लावलं, शॉट घेतला, लगेच तोंड धुतलं.

मावशीने व्हिडिओ बघितला.

"सायू, सात दिवस तुझी नेलपॉलिश तिथल्या तिथेच उडालेली कशी काय?"

मी हसले. "अगं मावशी, सगळे असंच करतात."

"कानामागे तरी लावून बघितलंस?"

"नाही गं."

ती उठून खुर्च्या पुसायला लागली. मला वाटलं, सुटले.

महिन्याभराने प्राचीचं लग्न. मेकअप मावशीचा, हाताखाली मी. दोन दिवस आधी मावशीने तिचं फेशियल केलेलं, नेहमीच्याच क्रीमने.

हळदीच्या दुपारी प्राचीच्या आईचा फोन. "ताई, असाल तशा या. पोरीचं तोंड बघा काय झालंय!"

नंदाखाल ते वटार, स्कूटरवर मागे बसून मावशी एकच विचारत होती, "काय लावलं असेल गं तिने?"

प्राची पंख्याखाली बसलेली. दोन्ही गाल लालभडक, सुजलेले. कपाळावर हळद तशीच.

आणि आरशाजवळ ती बाटली. मी दारातूनच ओळखली.

"सकाळपासून काय काय लावलंस?" मावशीने विचारलं.

"हे सिरम. मग हळद. मग अंगणात उन्हात बसले. पण सिरमने नाही झालं, मावशी. सायलीताईने सात दिवस लावलंय ना, तिला काहीच नाही झालं. तिचा व्हिडिओ बघूनच मी आणलं."

"मग फेशियलचंच असणार," तिची आई म्हणाली. "दुसरं काय?"

खोलीतल्या सगळ्या बायका मावशीकडे बघायला लागल्या. मावशी माझ्याकडे.

मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी मान खाली घालून फोनमध्ये स्किनच्या डॉक्टरचा नंबर शोधत बसले.

डॉक्टरांनाही प्राचीने तेच सांगितलं. ताईला सात दिवस काही झालं नाही. ते म्हणाले, मग नक्की कशाने ते सांगता येत नाही. गालांना काही लावू नका.

दुसऱ्या दिवशी मावशीने नुसते डोळे, केस आणि ओठ यांच्यावर नवरी सजवली. अल्बममध्ये गाल लाल आहेत ते आहेतच.

गाल महिन्याभरात बरे झाले. मावशीचं बिघडलेलं नाव मात्र सुधारलं नाही. पुढच्या सीझनला तिच्याकडे एकही नवरी आली नाही. थ्रेडिंगवाल्या तेवढ्या उरल्या.

मी तिलाच चिडून म्हटलं, "तू का नाही सांगत त्यांना?"

"मी तुझं नाव घेणार नाही," ती म्हणाली. "ते तू घ्यायचं."

त्यानंतर मी पार्लरमध्ये गेले की दरवेळी एकदा विचारायची.

"काय गं, बोलायचंय काही?"

"नाही गं."

"बरं. चहा टाक."

दोन वर्षं. आणि तो व्हिडिओ मी काढलासुद्धा नाही, कारण माझ्या सगळ्या व्हिडिओंमध्ये त्यालाच जास्त व्ह्यूज होते. लाज वाटते लिहिताना, पण हेच खरं.

आज सकाळी तिचे केस सारखे करत होते. उजव्या कानामागे लालसर डाग दिसला. शेल्फवर नवीन क्रीमची बाटली आहे, चिकटपट्टीवर परवाची तारीख.

तेवढ्यात प्राचीची आई आली. फुलं वाहिली, डोळे पुसले. म्हणाली, "हात चांगला होता हो शैलाताईंचा. आमच्या प्राचीच्या वेळी तेवढं चुकलं."

मी तिथेच उभी होते, हातात कंगवा. आणि आजही माझं तोंड उघडलं नाही.

म्हणून मागच्या दारी येऊन हे लिहितेय. व्हिडिओ आत्ताच काढून टाकला. प्राची, ते सिरम मी एक दिवससुद्धा धड लावलं नव्हतं. तुझ्या फेशियलमध्ये काहीही चूक नव्हती. हे शेअर कर, आगाशीपासून वटारपर्यंत सगळ्यांना कळू दे.

मावशीला अजून न्यायचंय. त्याआधी आत जाऊन तुझ्या आईला तोंडाने सांगते. सगळ्या बायकांसमोर, तेव्हा होत्या तशाच.

मावशी, बोलायचं होतं गं.

उशीर केला. माफ कर, आणि निवांत जा.
तुझी सायू